उरलेली वाळू

परसात न्हाणीघर बांधलं, विहिरीचा कठडा दुरुस्त केला, की गवंडी निघून जातो आणि मागे राहतो वाळूचा ढीग. घरधनी म्हणतो, 'असू द्या, लागेल कधीतरी.' पालीसारख्या पावसाळी गावात हे 'असू द्या' मृगापर्यंतच चालतं. पहिल्या चार सरींत ढीग ओघळतो, गटार तुंबतं, नि शेजाऱ्याशी बोलाचाली होते ती वेगळीच.

तेव्हा या ढिगाची सोय मे महिन्यातच लावावी. आधी वाळू कुठली ते पाहा. आपली अंबा नदी पालीवरून नागोठण्याकडे नि पुढे धरमतरच्या खाडीला जाते. गोड्या पाण्यातली वाळू निराळी, खाडीतली निराळी. चिमूटभर जिभेवर ठेवा. खारट लागली तर ती रोपांना नको, आणि सळयांच्या कामातही नको, कारण मिठाने लोखंड गंजतं. सिमेंट मिसळलेली असेल तर तीही रोपांपासून दूरच ठेवा.

पुष्कळजण ही वाळू परसातल्या चिकण मातीत मिसळतात. माती भुसभुशीत होईल अशी आशा. मीही एकदा केलं. उन्हाळ्यात वाफा विटेसारखा घट्ट झाला! चिकण मातीचे बारीक कण वाळूच्या दाण्यांमधल्या फटी भरून काढतात, म्हणून असं होतं. तिथे शेणखत नि पालापाचोळाच हवा.

मग वाळूचं करायचं काय? आंब्याच्या कोयी रुजवा. वाळू चाळून, धुऊन, सावलीत वीतभर उंच वाफा करा. कडेला चार विटा लावा. पिकल्या आंब्याच्या ताज्या कोयी धुऊन पाण्यात टाका, तरंगतील त्या काढून टाका. उरलेल्या, फुगीर बाजू वर करून, दोन-तीन बोटं खोल लावा. वाफा ओलसर ठेवा, चिखल नको. उशीर मात्र करू नका, कोयीची उगवण्याची ताकद महिनाभरात सरते. दोन-तीन आठवड्यांत तांबूस पानांचे कोंब येतात. कोय कलमाला हवी ती हीच वेळ. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकणात या पद्धतीचा पुष्कळ प्रसार केला आहे. मातीतून उपटताना मूळ तुटतं; वाळूतून रोप कोयीसकट अलगद निघतं.

गुरुजींसाठीही यात वाटा आहे. पसरट परातीत दोन बोटं कोरडी वाळू घाला. पहिलीतलं मूल बोटाने 'ग' गिरवतं, चुकलं तर तळहाताने पुसतं. पूर्वीची धूळपाटी म्हणजे तरी दुसरं काय होतं?

आता वाळू पूर्वीसारखी स्वस्त राहिलेली नाही. बेसुमार उपशाने नदीचं पात्र खोल जातं, काठच्या विहिरींचं पाणी उतरतं. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली, ती याच काळजीपोटी.

जुलैत कलमं पिशव्यांत गेली की वाफा झाकून ठेवा. पुढच्या मे महिन्यात तीच वाळू चाळा, दोन-चार दिवस कडक उन्हात पसरा, नि पुन्हा कोयी लावा.