किल्लारीची घरे आणि एक प्रबंध
(लेखमाला : वसाहत आणि आपत्ती. लेखांक सातवा)

विद्वानाच्या संशोधनाचा परिणाम कशावरून जोखावा, या प्रश्नाला विद्यापीठांच्या दफ्तरी एक सोपे उत्तर असते : इतर विद्वानांनी त्याचा उल्लेख किती वेळा केला ते मोजावे. आपत्तीनंतरच्या पुनर्वसनाचा अभ्यास करणाऱ्याला मात्र हे माप अपुरे पडते. कारण त्याच्या निष्कर्षांचा खरा वाचक जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत बसलेला असतो, आणि त्याने ते वाचलेच तर तो तळटीप न लिहिता हुकूम लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे निजली असताना, लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीजवळ भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली व माळवदांच्या ओझ्याखाली गाडली गेली. जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधारे शासनाने जो पुनर्वसनाचा कार्यक्रम आखला, त्यात सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले. त्या कामाच्या झपाट्याविषयी किंवा देणगीदारांच्या औदार्याविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु काही वर्षांनी रोहित जिज्ञासू हे वास्तुविशारद त्या गावांतून हिंडले, आणि नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठाला २००२ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी मराठवाडा व नेपाळ येथील भूकंपप्रवण ग्रामीण समाजांविषयी जे मांडले, ते औदार्याच्या पलीकडचे होते.

नवी गावे नगररचनेच्या आराखड्यावर काटकोनांत आखलेली होती; रस्ते प्रशस्त, घरे सुटी सुटी, आणि वस्ती इतकी पसरलेली की शेतजमीनही तिच्याखाली गेली. जुन्या गावातील गल्ली, वाड्याची उंच भिंत, गुरे आणि कडबा यांची जागा, बायकांना आडोशाने वावरता येईल असे अंगण, यांपैकी कशाचीही दखल नकाशाने घेतली नव्हती. दगडाविषयी लोकांच्या मनात दहशत बसली होती. तरीही कुटुंब वाढले, पैसा अपुरा पडला, तेव्हा सिमेंटच्या घराला त्यांनी जोड दिली ती पुन्हा दगड-मातीचीच. भिंतीचे दोन्ही पदर सांधणारे आरपार दगड घातले, छपराचे ओझे कमी केले, तर तीच भिंत पुष्कळ सुरक्षित होऊ शकते, हे गवंड्यापर्यंत पोहोचणे अधिक अगत्याचे होते. जिज्ञासू यांच्या विवेचनाचा गाभा मला असा वाटतो : समाज दुर्बल असतो म्हणून आपत्ती त्याला गाठते एवढेच खरे नव्हे; त्याच्या हातचे ज्ञान आणि निर्णयाचा अधिकार काढून घेणारे साहाय्यही त्याला पुढच्या आपत्तीसाठी दुर्बल करून ठेवते.

मराठवाड्यातच याची दुसरी बाजूही घडत होती. जी घरे जागेवरच दुरुस्त व मजबूत करावयाची होती, तेथे प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. अनुदानाचा हप्ता, सिमेंटचा दर्जा, गवंड्याचे काम यांवर त्यांची देखरेख चाले. गुजरातेतील २००१ च्या भूकंपानंतर त्यांतील काही स्त्रिया कच्छमध्ये गेल्या आणि तेथील बायकांशी घरे कशी उभी राहतात याविषयी बोलल्या. कोणत्याही परिषदेतील निबंधापेक्षा मी हा प्रवास वरचा मानतो.

गुजरातेत बहुसंख्य कुटुंबांनी गाव सोडण्याचे नाकारून शासनाच्या अनुदानाने घरे स्वतःच बांधली. मराठवाड्याच्या अनुभवाचा यात वाटा होता. पण हे सारे श्रेय एका प्रबंधाला देण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण गुजरातचे धोरण प्रबंधाच्या आधीच ठरले होते. २००६ मध्ये जेनिफर डुइन बारेनस्टाइन या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने तेथील निरनिराळ्या पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा मालकाने बांधलेल्या घरांत समाधान भरपूर आणि गावाबाहेर ठेकेदाराने उभारलेल्या वसाहतींत सर्वांत कमी आढळले. संशोधनाचे काम बहुधा असेच असते : अधिकाऱ्याने अंदाजाने केलेली गोष्ट पुढच्याला पुराव्याने करता यावी.

या साऱ्याचा ठाण्याच्या घोडबंदर रोडशी संबंध काय, असे कासारवडवलीचा किंवा वाघबीळचा वाचक विचारील. एका हाताला येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या हाताला खाडी, यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात उंच इमारतींची जी रांग गायमुखापर्यंत गेली आहे, तिच्यावर किल्लारीची छाया कोणाला दिसणार नाही. परंतु ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे दगावली, ती याच ठाणे महापालिकेच्या हद्दीत. पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी निघते, ‘सी-१’ वर्गातील घरे रिकामी करण्याच्या नोटिसा लागतात, आणि तरी लोक हलत नाहीत. याला अडाणीपणा म्हणणे सोयीचे आहे. वस्तुतः इमला पडला की आपला हक्क कोणत्या कागदावर उरणार, हे त्यांना कोणी लिहून दिलेले नसते. आणि दिले तरी शेजार, शाळा आणि चार घरची धुणीभांडी जुन्याच वस्तीत राहतात. स्थानकाजवळच्या चाळीतून घोडबंदर पट्ट्यातील तात्पुरत्या सदनिकेत आलेल्या बाईला कामावर पोहोचण्यासाठी त्या रस्त्याच्या कोंडीतून रोज दोनदा जावे लागते, हे कोणत्या पंचनाम्यात नोंदले जाते?

जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीसाठीच्या समूह विकास योजनेत असा हक्क कागदावर कसा आणता येईल, आणि रहिवाशांच्या हरकती-सूचनांना तेथे कितपत वाव आहे, याचा विचार पुढील लेखांकात करू.