अनुभव ज्याचा त्याचा, पुरावा सर्वांचा

खालापूर तालुक्यातील महाड येथे वरदविनायकाच्या गाभाऱ्यात १८९२ पासून नंदादीप अखंड तेवत आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. तेथून जवळच, खोपोलीला, १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. विजेचा दिवा आस्तिकाच्या आणि नास्तिकाच्या घरी सारखाच उजळतो. नंदादीपापुढे हात जोडणाऱ्याला जी शांती लाभते, ती शेजारी उभ्या असलेल्याला लाभेलच असे मात्र नाही. मग ती शांती खोटी म्हणावयाची काय?

मुळीच नाही. प्रश्न आहे तो तिच्यावरून काढलेल्या निष्कर्षाचा. कर्जत तालुक्यातील कोंडाणे येथील प्राचीन लेणी बौद्ध भिक्षूंच्या साधनेसाठी कोरलेली. सृष्टिकर्त्या ईश्वराची कल्पना त्यांना मान्य नव्हती. साजगावच्या कार्तिकी यात्रेतील वारकऱ्याला मात्र विठ्ठल साक्षात उभा दिसतो. दोघांच्याही अंतःकरणाला विसावा मिळाला असेल. पण विश्वाविषयीची दोघांची विधाने एकाच वेळी खरी ठरणे कठीण. अनुभवाचा खरेपणा हा त्याच्या अर्थाच्या खरेपणाचा पुरावा नव्हे. असा अनुभव ज्याचा त्याला प्रमाण. इतरांवर त्याचे बंधन नाही.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. डोंगरातील वाड्यावस्त्यांवर साप आणि विंचू यांचे भय नित्याचे असते. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात उतरतेच असे नाही. म्हणून मांत्रिकाकडे नेलेली अनेक माणसे वाचतात आणि श्रेय मंत्राला मिळते. जी दगावतात, त्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. ‘आयुष्यच सरले होते’ म्हटले की विषय संपतो. याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडील दुसऱ्या महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी वेगळी वाट धरली. विंचूदंशाच्या रुग्णांची त्यांनी बारकाईने निरीक्षणे नोंदविली. बरे झालेल्यांप्रमाणे दगावलेल्यांचीही नोंद ठेवली. त्यातूनच प्राझोसिन या औषधाचा उपयोग पुढे आला आणि मृत्यूचे प्रमाण फार घटले. ते औषध घेताना रुग्णाचे दैवत कोणते, हे विचारावे लागत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर महाराष्ट्रात प्रथम वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याने हीच सीमारेषा आखली आहे. सर्प, विंचू वा श्वान यांचा दंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा. प्रदक्षिणा, यात्रा, भजन, कीर्तन मात्र निषिद्ध नाहीत. हा कायदा श्रद्धेवर घाला घालतो, ही तक्रार म्हणूनच टिकत नाही.

श्रद्धेने संकटात धीर द्यावा, आचरणात करुणा आणावी. तो तिचा अधिकार कोणी हिरावून घेऊ नये. परंतु दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न येतो, तेथे तिने पुराव्याला वाट करून द्यावी. ही सीमा ओळखावयास शिकविणे, हे शाळेचे आणि सुशिक्षितांचे काम आहे.