खुडूक कोंबडी आणि चोचीची भांडणं

दारात पाच-दहा गावरान कोंबड्या असल्या की मीठ-मिरचीचा, पोरांच्या वह्यांचा खर्च अंड्यांवर निघतो. तो पैसा कुणाला मागावा लागत नाही. म्हणून कोंबडी अंडी द्यायची थांबली, किंवा एकीने दुसरीला टोचून रक्तबंबाळ केलं, की नुकसान थेट आपलंच होतं.

आधी खुडूक कोंबडीचं बोलू. ती जागा सोडत नाही, पिसं फुलवते, क्रूक-क्रूक करते, हात नेला तर चोच मारते. हा आजार नाही. अंडी साठलेली, जागा अंधारी आणि उबदार, की तिला उबवायची ओढ लागते आणि अंडी बंद होतात. मात्र डोळे मिटून, मान खाली घालून गप्प बसलेली, हिरवट पातळ विष्ठा टाकणारी कोंबडी खुडूक समजू नका. ती मानमोडी असू शकते. तिला लगेच वेगळं ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारा.

पिल्लं हवी असतील तर खुडूक कोंबडी म्हणजे फुकटचं उबवणी यंत्र. आठवड्याच्या आतली दहा-बारा स्वच्छ अंडी तिच्याखाली ठेवा, 21 दिवसांनी पिल्लं निघतील. बसवण्याआधी पाटीत राख टाका, उवा-पिसवा कमी होतात. दाणा-पाणी जवळ ठेवा, कारण ती दिवसातून एखाद्या वेळीच उठते. वैशाखात मात्र बसवू नका. आपल्याकडच्या उन्हात अंडी आधीच खराब झालेली असतात.

पिल्लं नको असतील तर अंडी रोज उचला. कोंबडीला जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून उंच पिंजऱ्यात, उजेडात ठेवा. खाली गवत नको. पोटाला वारा लागला पाहिजे. दाणा-पाणी भरपूर द्या. आपल्या तालुक्यात बियाण्यांची शेडनेट पुष्कळ, जुन्या नेटचा तुकडा वर टाकला की सावली होते. तीन-चार दिवसांत खुडूक मोडते. नाकात पीस घालणं, पाण्यात बुडवणं हे जुने उपाय आम्हाला पटत नाहीत. जीव उगाच हाल सोसतो.

आता टोचाटोचीचं. थोडी भांडणं चालायचीच, कळपात मोठी कोण हे त्यांना ठरवावं लागतं. पण पिसं उपटली, रक्त आलं, तर कारण शोधा. बहुतेक वेळा खुराडं अपुरं असतं, नाहीतर दाण्याचं भांडं एकच. दोन-तीन भांडी लांब-लांब ठेवा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. नुसत्या ज्वारी-मक्यावर पोट भरतं, पण प्रथिनं कमी पडतात. मग त्या एकमेकींची पिसं खातात. शेंगदाण्याची पेंड, डाळीची चुरी द्या, उकिरडा उकरू द्या. कच्चं सोयाबीन मात्र नको, ते पचत नाही. मेथीची जुडी चोचीच्या उंचीवर टांगली तर चोचीला काम मिळतं.

लाल रंग दिसला की सगळ्या तिथेच टोचतात. जखमी कोंबडीला आधी डालग्याखाली झाका, जखम धुऊन हळद-खोबरेल लावा, आणि पूर्ण भरल्याशिवाय कळपात सोडू नका. बाजारातून आणलेली नवी कोंबडीही पहिले दोन-तीन आठवडे दूर, वेगळी ठेवा; आजार असेल तर तोवर दिसतो. मग आठवडाभर जाळीआड एकमेकींना पाहू द्या आणि रात्री अंधारात आत सोडा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. दोन झाले तर कोंबड्यांच्या पाठीची पिसं जातात, आणि त्यातला एक विकलेलाच बरा.