कार्ल्याचे चैत्यगृह आणि अभिकल्पाच्या विद्यार्थ्यांची माहितीसाक्षरता

अभिकल्पाचा विद्यार्थी ग्रंथालयात येतो तो बहुधा विशिष्ट ग्रंथाच्या शोधात नव्हे. तो चित्रे चाळतो आणि चाळता चाळता त्याला कल्पना सुचते. ही रीत सदोष म्हणता येणार नाही. रूपाचा अभ्यास रूप पाहूनच होतो. मात्र अशा वेळी चित्र तेवढे उचलले जाते आणि त्याचा उगम, काल, परिमाण व स्वामित्व या गोष्टी मागे राहतात. माहितीसाक्षरतेच्या शिक्षणाचे प्रयोजन येथेच उत्पन्न होते. ही संज्ञा १९७४ साली पॉल झुरकोव्स्की यांनी रूढ केली. अमेरिकेतील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० साली तिची मानके ठरविली आणि २०१६ साली त्यांच्या जागी अधिक व्यापक अशी चौकट स्वीकारली. ‘प्रामाण्य हे संदर्भसापेक्ष असते’ हे त्या चौकटीतील एक प्रमुख सूत्र होय.

या सूत्राचा अर्थ स्पष्ट होण्यास मावळातील कार्ल्याच्या चैत्यगृहाचे उदाहरण उपयुक्त आहे. फर्ग्युसन व बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथात या चैत्यगृहाची लांबी सुमारे १२४ फूट व रुंदी सुमारे ४५ फूट दिली आहे. आज अनेक ठिकाणी लांबी ‘४५ मीटर’ अशी आढळते. परंतु १२४ फूट म्हणजे ३८ मीटरहूनही थोडे कमी, तर ४५ मीटर म्हणजे जवळजवळ १४८ फूट. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असणे शक्य नाही. रुंदीचे फूट लांबीचे मीटर झाले असावेत, असा संशय येथे सहज येतो. तथापि संशय म्हणजे निर्णय नव्हे. एकास पन्नास या प्रमाणात प्रतिकृती करणाऱ्या विद्यार्थ्याची लांबी या फरकामुळे चौदा सेंटिमीटरांनी चुकेल, आणि सदतीस स्तंभांची रचना व त्यांमधील अंतरे बिघडतील. यास्तव मूळ आराखडा पाहणे आणि शक्य तर जागेवर मोजमाप घेणे, हाच निर्णयाचा मार्ग ठरतो.

दुसरे उदाहरण शिलालेखांचे. सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडात कार्ल्याचे लेख प्रसिद्ध केले. त्यांतील एका लेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने द्वार केल्याची नोंद आहे. पाषाणातील लेण्याला लाकडी कमानी का, या प्रश्नाचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही नोंद मोलाची आहे. पण चित्रसंग्रहात ती सापडत नाही. हे धेनुकाकट कोठले, याविषयी मात्र मतभेद आहेत. काहींनी ते आंध्रातील धान्यकटक मानले, तर दा. ध. कोसंबी यांनी १९५५ साली ते कार्ल्याच्याच परिसरात शोधले. विद्वानांचे मतही पुराव्यानिशी तपासावयाचे असते, हा धडा येथे आपोआप मिळतो.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, ग्रंथालयाचे पाठ स्वतंत्र व्याख्यानापेक्षा चालू प्रकल्पाशी जोडलेले असावेत. गरज उत्पन्न झाल्यावाचून शोधाची पद्धत मनात ठसत नाही. दुसरी, प्रत्येक रेखाटनाबरोबर त्याच्या आधाराची नोंद ठेवण्यास लावावे: चित्र कोणी, केव्हा व कशावरून काढले. तिसरी, स्वामित्वाचा विचार प्रारंभीच व्हावा. दोन हजार वर्षांपूर्वीचे शिल्प कोणाच्या मालकीचे नसले, तरी त्याचे अलीकडील छायाचित्र तसे नसते. १९५७ च्या कायद्यान्वये छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो.

अशा शिक्षणाने कल्पकतेला बाध येतो, हा आक्षेप टिकण्यासारखा नाही. चैत्यगृहाच्या द्वारावर सुताराचे नाव कोरले गेले, म्हणूनच त्याचे काम आज त्याच्या नावे ओळखता येते. ज्याचे रूप घ्यावयाचे त्याचा ठावठिकाणा नोंदविणे, हे अभिकल्पकाच्या शिक्षणाचे अंगच मानले पाहिजे.