न्हाणीघर : आधी उतार, मग अलंकार

अहिल्यानगरच्या नागापूर परिसरात, मनमाड रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीच्या आश्रयाने नवी घरे उभी राहिली. अशा घरांत दिवाणखान्याइतकाच विचार आता न्हाणीघराचाही होऊ लागला आहे. मात्र तो बहुधा टाइल्सच्या रंगापासून सुरू होतो आणि तिथेच गफलत होते.

जुन्या वाड्यातील न्हाणीला सजावट ठाऊक नव्हती. कोपऱ्यात तांब्याचा बंब, बसायला पाट, खाली दगडी फरशी आणि बाहेर पडणारे पाणी थेट अळू-केळीच्या आळ्यात. शौचकूप दूर, परसात. आज स्नान, शौच, बेसिन आणि गिझर हे सारे चार बाय सात फुटांत सामावावे लागते. त्यामुळे ओले आणि कोरडे यांची फारकत हाच आधुनिक रचनेचा खरा प्रश्न ठरतो. शॉवर दारापासून सर्वांत लांब, शक्यतो खिडकीखाली असावा. काचेचे दालन परवडत नसेल, तर कडाप्प्याची दोन इंची पट्टीही पाणी अडवते.

फरशीला मीटरमागे साधारण एक ते दीड सेंटिमीटर उतार हवा आणि तो जाळीकडेच हवा. (त्या जाळीखालच्या सापळ्याला देशभरचे प्लंबर आजही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, ही गमतीची गोष्ट.) टाइल्स बसवण्यापूर्वी जलरोधक थरावर एक-दोन दिवस पाणी साठवून गळती तपासावी. नंतर सापडलेली गळती म्हणजे नव्या टाइल्सवर हातोडा.

चकचकीत टाइल्स भिंतीवर शोभतात. जमिनीवर त्या वृद्धांच्या खुब्याच्या हाडावर उठतात. तळाला खरखरीत टाइल्सच योग्य. कमोडशेजारी आधाराचा दांडा भक्कम विटांच्या भिंतीतच बसवावा. दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते.

नगर शहराला मुळा धरणाचे पाणी मिळत असले, तरी अनेक घरांत कूपनलिकेचाही आधार असतो. दख्खनच्या काळ्या खडकातील हे पाणी बहुधा जड. त्यामुळे माहितीपत्रकातील काळ्याभोर टाइल्स आणि काळे नळ काही महिन्यांतच क्षारांच्या पांढऱ्या ओघळांनी माखतात. फिकट राखाडी वा वाळूचा रंग येथे अधिक टिकाऊ सौंदर्य देतो. तीन आणि सहा लिटरचा दुहेरी फ्लशही येथे चैन नव्हे.

प्रेरणाच हवी, तर ती गावातच आहे. निजामशाहीच्या काळात कापूरवाडी, शेंडी, वडगाव येथून खापरी नळांनी शहरात पाणी येत असे. १५८३ मध्ये पूर्ण झालेला फराहबागचा अष्टकोनी महाल तर तलावाच्या मध्यावरच उभारला गेला. जाड भिंती, उंच कमानी आणि भोवती पाणी, एवढ्यावरच तेथे गारवा साधला होता. चार बाय सातच्या खोलीत कमान मावणार नाही. पण छताजवळची एक उघडी झडप नक्कीच मावते.