क्रॉस स्टिच शिकायचंय? सुईत दोरा ओवण्याआधी कापडाची घरं मोजा

इन्स्टाग्रामवर क्रॉस स्टिचचे रील्स बघताना एक गोष्ट सहज निसटते. या भरतकामात हाताच्या सफाईपेक्षा मोजणी जास्त असते. कापडावर सहसा काहीच छापलेलं नसतं. शेजारी चौकटींचा तक्ता ठेवायचा, त्यातली एक चौकट म्हणजे कापडावरची एक फुली. त्यामुळे चित्रकलेत शून्य असलेल्यांनाही हे जमतं. मोजायचा कंटाळा असेल, तर मात्र अवघड आहे.

हा टाका आपल्याला नवा नाही. मॅटीच्या कापडावर भरून काच लावलेलं एखादं चित्र बऱ्याच घरांत असायचं. धारवाडकडच्या कसुतीत तर कापडाचे धागे मोजून भरतात आणि तिथे फुलीच्या टाक्याला ‘मेंथी’, म्हणजे मेथी म्हणतात.

‘14 काउंट’ म्हणजे काय?

क्रॉस स्टिचसाठी मिळणाऱ्या आयडा कापडावर विणीतच चौकोनी घरं असतात. 14 काउंट म्हणजे एका इंचात 14 घरं. तक्ता 140 फुल्या रुंद आणि 98 उंच असेल, तर चित्र 10 बाय 7 इंच होईल. तेच 18 काउंटवर भरलं, तर पावणेआठ बाय साडेपाच इंचांच्या आसपास. फ्रेम करायची असेल तर चारही बाजूंनी 3 इंच जास्तीचं कापड धरा. सुरुवात 14 किंवा 11 काउंटवर करा. 18 काउंटची बारीक घरं नवख्या डोळ्यांना छळतात.

दोऱ्याची लडी साधारण 8 मीटरची आणि सहा पदरी असते. 14 काउंटवर त्यातले दोनच पदर वापरायचे. दोन्ही एकदम ओढले की गुंता ठरलेला, म्हणून एकेक पदर सुटा करा आणि मग जुळवा. सुई बोथट टोकाची घ्या, 24 नंबरची चालते. आणि गाठ मारू नका. फ्रेममध्ये ताणल्यावर मागची प्रत्येक गाठ पुढून उंचवट्यासारखी दिसते. दोऱ्याचं टोक मागे धरून ठेवा आणि पहिल्या चार-पाच टाक्यांखाली दाबून टाका.

एकच नियम पाळायचा असेल तर

प्रत्येक फुलीत दोन तिरके टाके असतात. त्यातला वरचा टाका संपूर्ण कामात एकाच दिशेला झुकलेला हवा. दोऱ्याला चमक असते. दिशा बदलली की प्रकाश वेगळा पडतो आणि सारख्याच रंगात डाग पडल्यासारखा दिसतो. जवळून चूक सापडत नाही, भिंतीवर टांगल्यावर मात्र लगेच दिसते. यावर सोपा उपाय म्हणजे एका रंगाची ओळ असेल तेव्हा जाताना सगळे अर्धे टाके ‘/’ असे घालायचे आणि परतताना ‘\’ असे पूर्ण करायचे. सुटी फुली असली तरी क्रम हाच.

कापडाची दोनदा घडी घालून मध्य काढा आणि तिथून सुरू करा. कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि मोजणी चुकली, तर चित्र कापडाबाहेर जातं.

आता खरा धोका. फोटोचा तक्ता करून देणारी अ‍ॅप्स मोहात पाडतात. बाळाचा फोटो टाकला की 200 बाय 200 चा, पन्नास-साठ रंगांचा तक्ता हजर. म्हणजे 40,000 फुल्या. तासाला 100 धरल्या तर 400 तास. रोज तासभर बसलात तरी वर्षाहून जास्त. वर एकेका रंगाच्या सुट्या फुल्या इतस्ततः विखुरलेल्या, म्हणजे दर मिनिटाला दोरा बदला. अर्धवट राहिलेली बरीच कामं अशीच कपाटात जातात. पहिलं काम 40 बाय 40 चं, पाच-सहा रंगांचं घ्या. पूर्ण झालेला छोटासा आंबा अर्ध्या चेहऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

काम झालं की थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका. लाल आणि गडद रंग कधीकधी उतरतात. तसं झालं तर पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळत राहा. डाग असताना इस्त्री फिरवू नका, उष्णतेने तो पक्का होतो. डाग नसेल तर जाड टॉवेलवर कापड पालथं ठेवून मागून इस्त्री करा, म्हणजे फुल्या चपट्या होत नाहीत.