मंडळीत प्रत्येकाला काम आहे



आपल्या त्रैमासिकाचे वाचक उदार आहेत. पाड्यावरच्या मुलांची वह्या-पुस्तके असोत, औषधे असोत की पावसाळ्यापूर्वीची बियाणे असोत, तुम्ही प्रत्येक वेळी हात पुढे केला आहे. त्याबद्दल मी प्रभूचे आणि तुमचे आभार मानते. या वेळी मात्र मी पैशांविषयी लिहीत नाही. तुम्ही स्वतःच्या मंडळीत काय करता, याविषयी लिहिते. त्याचा आमच्या पाड्यांशी जवळचा संबंध आहे.

शहरातल्या मंडळ्यांना भेट देताना एक गोष्ट वारंवार दिसते. रविवारी बाक भरलेले असतात, पण मंडळीचा भार पाच-सहा जणांच्या खांद्यावर असतो. तेच वडील, तेच खजिनदार, रविवार शाळेची तीच शिक्षिका, वर्षानुवर्षे. बाकीचे येतात, गातात, अर्पण देतात आणि आशीर्वाद झाला की घरी जातात. कोणी वाईट नाही. आपण काही करायचे आहे, असे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

पाड्यावर काय चालते

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरात, घरे विखुरलेली आणि पाडे दूरदूर असतात. एका पाळकाकडे अनेक पाडे. त्यामुळे प्रत्येक रविवारी ते प्रत्येक ठिकाणी पोहोचू शकत नाहीत. मग उपासना कोण चालवते? मंडळीच चालवते. दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी मराठीतून शास्त्रपाठ वाचते आणि भिलोरीत किंवा पावरीत समजावून सांगते. एखादी मावशी प्रार्थना करते, तिला अक्षर येत नसले तरी. कोणी ढोलकी धरतो, कोणी आजाऱ्याच्या घरी जाऊन येतो.

दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे थांबता येत नाही. पाड्यावर म्हातारी माणसे आणि काही मुले उरतात. तरी उपासना बंद पडत नाही, कारण ती कधी एकाच माणसावर अवलंबून नव्हती. तिकडे फडाजवळच्या कोप्यांसमोर संध्याकाळी चार घरची माणसे एकत्र बसतात आणि प्रार्थना करतात. ज्याने पाड्यावर काम केले आहे, त्याला तिथे काय करायचे ते ठाऊक असते.

शास्त्र काय शिकवते

प्रेषितांच्या कृत्यांचा ६ वा अध्याय काढून पाहा. यरुशलेमेतल्या मंडळीत तक्रार उठली. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. बारा प्रेषितांनी ते काम स्वतःच्या अंगावर घेतले नाही आणि तक्रार दाबलीही नाही. त्यांनी मंडळीला सात माणसे निवडायला सांगितली. त्या सातांची नावे पाहिली तर सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्या गटाचे दुखणे होते, बहुधा त्याच गटाच्या हाती व्यवस्था दिली गेली. त्यानंतर शिष्यांची संख्या फार वाढली, असे लूक लिहितो. त्या सातांपैकी स्तेफन पुढे पहिला रक्तसाक्षी झाला आणि फिलिप्पाने शोमरोनात सुवार्ता नेली. दोघांची सुरुवात पंगतीच्या व्यवस्थेपासून झाली.

रोमकरांस पत्राचा १६ वा अध्याय आपण नावांची यादी समजून वगळतो. तो सावकाश वाचावा. पौल पंचवीसच्या आसपास माणसांना नावानिशी सलाम सांगतो. फिबीबाई अनेकांना साहाय्य करणारी. प्रिस्क आणि अक्विला यांच्या घरी मंडळी जमत असे. पर्सिसने प्रभूमध्ये पुष्कळ श्रम केले. रूफाची आई पौलालाही आईसारखी झाली. पत्र लिहून घेणारा तर्तिय आणि पौलाला घरी ठेवून घेणारा गायस यांचीही नावे तिथे आहेत. पौल एवढा मोठा प्रेषित, पण त्याचे काम इतक्या जणांच्या हातांवर उभे होते.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायात तो शरीराचा दृष्टान्त देतो. जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक गरजेचे, असे तो आवर्जून सांगतो. हे दोघांना लागू आहे. मी काय करणार, असे म्हणून मागे बसणाऱ्याला, आणि तुझ्यावाचून आमचे चालते असे वागणाऱ्यालाही.

इतिहासातही हेच

१५२० साली मार्टिन लूथर यांनी सर्व विश्वासणाऱ्यांचे याजकपण ठामपणे मांडले. पुढे त्यांनी लोकांच्या जर्मन भाषेत गीते रचली, म्हणजे गायन केवळ गायकवृंदाचे न राहता सगळ्या मंडळीचे झाले. आपल्या महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती भजनाला मराठी चाल आणि मराठी मन दिले. भजनाची रीतच अशी की एकाने म्हणायचे आणि सर्वांनी उचलायचे. तिथे नुसते ऐकत बसता येत नाही.

मिझोराममधील आदिवासी मंडळीचे उदाहरण तर प्रत्येक घराने ऐकावे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तिथल्या स्त्रियांनी स्वयंपाक करताना दर वेळी मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढायला सुरुवात केली. तो गोळा करतात, विकतात आणि ते पैसे सुवार्तेच्या कामाला लावतात. घरात रोख पैसा नसलेली बाईसुद्धा त्यात सहभागी होऊ शकली. ही प्रथा आजही चालू आहे.

शेवटच्या बाकावर कोण बसले आहे?

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्या पाड्यांवरची मुले शिकायला आणि कामाला पुणे, नाशिक, मुंबईला येतात. नर्सिंगच्या मुली, वसतिगृहातली मुले, बांधकामावरची जोडपी. रविवारी ती तुमच्या चर्चमध्ये येऊन शेवटच्या बाकावर बसतात. गावी जिने उपासना चालवली, तिला इथे कोणी नावही विचारत नाही. महिना-दोन महिने ती येते, मग येणे थांबते. तुम्ही पाठवलेल्या मदतीतून शिकलेली मुलगी तुमच्याच दारातून परत जाते. याचे मला फार दुःख होते.

यावर उपाय खर्चाचा नाही. आशीर्वादानंतर पाच मिनिटे थांबा आणि मागच्या बाकाकडे जा. नाव विचारा, गाव विचारा. एखाद्या रविवारी जेवायला न्या. पुढच्या महिन्यात तिला शास्त्रपाठ वाचायला सांगा, तिच्या भाषेतले एक भजन मंडळीला शिकवायला सांगा. पाहुणचाराने माणूस सुखावतो, पण काम मिळाले की तो घरचा होतो.

कुठून सुरुवात करावी

एका वर्षासाठी एकच काम निवडा आणि पाळकांना तसे सांगा. बँकेतून निवृत्त झालेल्या भावांनी हिशेब तपासायला मदत करावी. शिक्षिकांनी रविवार शाळेत महिन्यातून एक वर्ग घ्यावा. ज्यांना चारचौघांत बोलता येत नाही त्यांनी आजाऱ्यांना भेटावे, चटया घालाव्यात, चहा करावा. अंथरुणाला खिळलेल्या आजीने दहा नावे घेऊन रोज प्रार्थना करावी. वार्षिक सभेला हजर राहा. तिथे न येता वर्षभर बाहेर कुरकुर करणे याला सहभाग म्हणत नाहीत.

वडीलजनांना आणि कमिटीच्या बंधुभगिनींनाही नम्र विनंती. काही जण मागे राहतात, कारण पुढे जागाच नसते. प्रत्येकाने आपल्या कामात एका तरुणाला सोबत घ्यावे, चुकू द्यावे, शिकवावे आणि वेळ आली की सोपवून द्यावे. प्रेषितांनी सोपवले म्हणून स्तेफन दिसला.

तुमचे दान पाड्यावर पोहोचतच राहो. पण तुमचे हात तुमच्या मंडळीलाही हवे आहेत. येत्या रविवारी पाळकांना एवढेच विचारा : माझ्यासाठी काय काम आहे?

प्रभू आपणा सर्वांना सेवेसाठी बळ देवो. आमेन.